दिवसाला दोनशे रुपये आणि तिन्ही वेळ बाहेर: मुंबईत नीट जेवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. परभणीहून नोकरीला आलेला चोवीस वर्षांचा मुलगा, करी रोडला कॉट बेसिसवर राहतो, ऑफिस लोअर परळला. खोलीत गॅस नाही, इंडक्शन लावू देत नाहीत. खाण्यावर महिन्याला ७,००० रुपयांच्या वर खर्च करता येत नाही. तीन महिने वडापाव, मॅगी आणि गाडीवरच्या फ्राइड राइसवर काढले. आता पोटही बिघडलंय आणि पैसेही वीस तारखेला संपतात. एवढ्यात मुंबईत नीट जेवता येतं का, असं त्यानं विचारलंय.

येतं. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मी सव्वीस वर्षं दादर ते भायखळा या पट्ट्यातल्या लहान हॉटेलांचे हिशेब लिहितो. खरेदीची वही, बिलबुकं, जीएसटीची विवरणपत्रं. दिवसातले चार-पाच तास कुठल्यातरी हॉटेलच्या पोटमाळ्यावर नाहीतर गल्ल्यामागच्या स्टुलावर जातात. त्याआधीची सात वर्षं मी तुझ्यासारखीच काढली, लालबागच्या चाळीत पाचजणांत एक खोली आणि तिन्ही वेळचं जेवण बाहेर. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

पहिल्या सात वर्षांत मला जे कळलं नाही ते हिशेबाच्या पहिल्या सहा महिन्यांत कळलं. हॉटेलचं मेनूकार्ड एक सांगतं आणि खरेदीची वही दुसरंच. साध्या शेट्टी हॉटेलच्या, म्हणजे उडुपी हॉटेलच्या, कार्डावर दीडशे पदार्थ असतात. वहीत रोज येणाऱ्या वस्तू मोजल्या तर पंधरा भरत नाहीत. दूध, दही, नारळ, कांदा, बटाटा, टोमॅटो, मिरची-कोथिंबीर, कोबी-फ्लॉवर, त्या दिवशी स्वस्त असेल ती पालेभाजी, पाव. उडीद-तांदूळ रोज भिजतात, रात्री वाटले जातात. पनीर? मंगळवारी आणि शुक्रवारी. मश्रूम, बेबी कॉर्न आठवड्याला एकदा. आणि कार्डावर ज्या चाळीस पंजाबी भाज्या दिसतात, त्या आत फ्रिजमध्ये ठेवलेल्या तीन ग्रेव्ह्या असतात, एक लाल, एक पांढरी आणि एक तपकिरी. कोल्हापुरी म्हणजे लाल ग्रेव्हीत जास्त तिखट. मखनवाला म्हणजे लाल आणि पांढरी एकत्र करून वर बटरचा तुकडा.

आता तूच सांग, गुरुवारी रात्री पनीर टिक्का मसाला मागवणारा माणूस काय खातो? मंगळवारचं पनीर. त्यासाठी दोनशे चाळीस रुपये देतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस सकाळी आलेल्या कोबीची भाजी, आज शिजलेलं वरण आणि भात त्याच्या निम्म्यात खाऊन उठतो.

स्वस्त कुठे मिळेल हे शोधत फिरू नकोस. ज्या हॉटेलात बसला आहेस तिथे रोज काय येतं आणि कुठल्या वेळी काय सर्वांत जास्त खपतं, तेवढं हेर आणि तेच खा. जे खपतं ते ताजं असतं, आणि तेच हॉटेलवाल्याला कमी नफ्यावर विकायला परवडतं, कारण त्याचं पोट त्या पदार्थाच्या संख्येवर चालतं. वेटरला "काय चांगलं आहे?" असं कधीही विचारू नकोस. उत्तर पनीरच येणार. "आत्ता गरम काय आहे?" असं विचार. भज्यांच्या गाडीवर हाच प्रश्न "घाणा कधी काढला?" असा विचारायचा.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पगाराच्या आनंदात रात्री पावणेअकराला एका उडुपी हॉटेलात, होय, उडुपी हॉटेलात, ट्रिपल शेजवान मागवला. पुढचे तीन दिवस चाळीच्या गॅलरीच्या टोकाला जो नळ आणि संडास होता त्यांच्या मधेच माझा मुक्काम होता. बऱ्याच वर्षांनी तशाच एका हॉटेलची वही हाती आली तेव्हा उलगडा झाला. चायनीजचा आचारी दुपारी चारला यायचा, नूडल्स उकडून तेल लावून परातीत ठेवायचा, भातही दुपारच्या राइस प्लेटचा उरलेला. रात्री अकरापर्यंत तो भात गॅसच्या बाजूला. यात त्या माणसाचा लबाडपणा असा काही नव्हता. त्या हॉटेलात रात्री चायनीज मागणारे दहाजण असतील, त्या दहाजणांसाठी वेगळा भात कोण चढवणार?

आता आकडे. भाव मी माझ्या पट्ट्यात आज दिसतात ते धरतोय, पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील.

सात हजार भागिले तीस असा सपाट हिशेब करू नकोस. त्यानं रोज थोडं वाईट जेवण होतं आणि एकही दिवस मनासारखं होत नाही. कामाचे सव्वीस दिवस दोनशे रुपये धर, म्हणजे ५,२००. उरलेले १,८०० चार रविवारांत वाटले की एका रविवारला साडेचारशे येतात. साडेचारशेत या शहरात राजासारखं जेवता येतं, ते पुढे सांगतो. दोनशेची वाटणी अशी: सकाळी ४०, दुपारी ८०, रात्री ६५, चहा आणि दोन केळी १५.

सकाळच्या चाळीसला अडचण नाही. आठ-साडेआठला उडुपी हॉटेलात इडली हाच पदार्थ सर्वांत जास्त खपतो, दर दहा मिनिटांनी कुकरचं झाकण उघडतं. सांबार दुसऱ्यांदा मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात, नाही दिलं तर ते हॉटेल बदल. त्याहून स्वस्त म्हणजे सायकलवर ॲल्युमिनियमचा डबा बांधून भोंगा वाजवत फिरणारे अण्णा. त्यांच्या इडल्या बऱ्याचदा पहाटे धारावीत वाफवलेल्या असतात. सकाळी साडेनऊच्या आत त्यांच्याकडून डोळे झाकून खा. अकरानंतर नको. त्या डब्यातली ओल्या नारळाची चटणी उन्हात तासाभरात आंबते. स्टेशनबाहेर बायका स्टीलच्या डब्यांतून पोहे, उपमा, शिरा विकतात तेही उत्तम, फक्त ज्या बाईचा डबा नऊलाच तळाला आलेला दिसतो तिच्याकडचे घ्यायचे.

दुपारचं जेवण हा सगळ्याचा कणा आहे आणि तिथेच तू चुकतोयस. लोअर परळला ऑफिसच्या आवारात जे कॅफे आहेत तिथे तुझ्या दोनशेत एक सँडविच येतं. पण तू जिथे बसतोस ती जमीन गिरण्यांची. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी इथे एकेका खोलीत दहा-पंधराजण राहायचे, एकाची पाळी संपली की दुसऱ्याच्या वळकटीवर आडवा. बायकामुलं गावी. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराच्या दिवशी. अशा हजारो बायका आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, राष्ट्रीयीकृत बँकांकडून लहान लहान कर्जं मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बुडाल्या, खानावळींचे गडी गावी गेले.

पण स्वयंपाक करणारे हात इथेच राहिले. त्या चाळींतून आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या मागच्या इमारतींतून आजही डबे निघतात. पाटी नसते, फोनमधल्या नकाशावर नसतात. ऑफिसच्या वॉचमनला विचार, इस्त्रीवाल्याला विचार, नाक्यावरच्या वाण्याला विचार की महिन्याला जास्त कणीक कोण नेतं. चार पोळ्या, भाजी, वरण, भात एवढा डबा ऐंशी-नव्वदला ठरतो. ठरवताना मावशींना तीन गोष्टी विचार. खाडे कापता का, म्हणजे तू जेवला नाहीस त्या दिवसाचे पैसे वळते होतात का आणि त्यासाठी आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं. दुसरं, आठवड्यात उसळ किती वेळा असते. तिसरं, भात नको असेल तर त्याऐवजी दोन पोळ्या मिळतील का. हिशेबाला चोख बाई खाड्याच्या प्रश्नावर चिडत नाही, उलट तिची वही काढून दाखवते.

डब्याला कंटाळलास की राइस प्लेट. मुंबईची ही खरी देणगी आहे आणि ती कधी खावी हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. भायखळ्याला एका हॉटेलात मी दर महिन्याच्या पाच तारखेला दिवसभर बसतो, स्वयंपाकघराच्या दारासमोरच माझं स्टूल असतं. साडेअकराला आचारी भाताचं मोठं पातेलं उतरवून कापडानं झाकतो. पावणेबाराला दोन्ही भाज्या तयार, एक सुकी, एक रस्सा. बाराला गल्ल्याजवळचा पोऱ्या थाळ्यांत वाट्या मांडायला लागतो, पापड लोणचं आधीच वाढून ठेवतो. सव्वाबारा ते एक या वेळात जो बसतो त्याला त्या स्वयंपाकघरातलं उत्तम ते मिळतं. दीडला गर्दी शिगेला आणि सांबार संपत आलेलं. दोन वाजून दहा मिनिटांनी आचारी त्यात कढत पाणी ओततो, मीठ-तिखट घालतो आणि वर मोहरी-कढीपत्त्याची खमंग फोडणी देतो. दोननंतर सांबाराचा फारच सुंदर वास आला तर काय समजायचं ते समज.

ऑफिसचा लंच एकला असेल तर साडेबाराला निघता येतं का बघ. तेवढ्यानं जेवण बदलेल.

लिमिटेड घ्यायची की अनलिमिटेड? तुझ्या वयाला अनलिमिटेडचा मोह होतो. पण हॉटेलवाल्याला पक्कं ठाऊक असतं की माणूस भातावर भरतो, आणि भात हा थाळीतला सर्वांत स्वस्त पदार्थ. लिमिटेड घे, वर वीस-पंचवीसची दह्याची वाटी सांग. पोट तेवढंच भरतं आणि दुपारी तीनला डेस्कवर मान पडत नाही.

टॅक्सीवाले जेवतात तिथे जेवावं असं सगळे सांगतात. त्यात निम्मं तथ्य आहे. टॅक्सीवाला जिथे गाडी लावता येते तिथे जेवतो. माझा भरवसा बँकेच्या शिपायांवर आणि पोस्टमनवर. ते पायी असतात, सगळा इलाखा रोज तुडवतात, त्यांचं जेवण साडेबाराला ठरलेलं आणि एका रुपयाचाही हिशेब ठेवणारे. ते जिथे घुसतील तिथे पाठोपाठ जा.

रात्रीच्या पासष्टसाठी पोळी-भाजी केंद्र. लालबाग-परळ-दादर पट्ट्यात दर दोन गल्ल्यांआड एक आहे, काचेच्या कपाटात ॲल्युमिनियमच्या टोपांत भाज्या आणि मागे दोन बायका पोळ्या लाटतायत. पोळी दहा रुपये, अर्धी भाजी पस्तीस. तीन पोळ्या आणि अर्धी भाजी म्हणजे बरोबर पासष्ट. सात ते साडेआठ ही वेळ. नऊनंतर भाज्या उरलेल्या असतात आणि कांदा-बटाट्याशिवाय काही दिसत नाही. आठवड्यातून दोनदा त्याऐवजी अंडाभुर्जी-पाव खा, अंडं तुझ्यासमोर फुटतं, तवा तापलेला असतो, शिळं खपवायला जागाच नाही. नुसती उकडलेली अंडीही गाडीवर मिळतात. पोळी-भाजीबरोबर दोन अंडी घेतलीस तर त्या दिवशी चहा एक कमी.

आणि पाच वाजताची भूक. तिच्यामुळेच तुझे पैसे वीस तारखेला संपतात, मी पैजेवर सांगतो. वडापाव पंधरा-वीसचा वाटतो, पण एकानं भागत नाही, त्यावर थम्सअप, मग कुणीतरी भेळ म्हणतं. तू करी रोडला राहतोस, लालबागची चिवडा गल्ली तुझ्या घरापासून पायी पाच-सात मिनिटांवर. दर सोमवारी पाव किलो चिवडा आणि पाव किलो भाजके चणे घेऊन ठेव, रोज एका छोट्या डबीतून ऑफिसात ने. वडापावावर माझा राग नाही. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं मानतात आणि तो झाला तोच मुळी धावत्या गिरणी कामगाराच्या घटकाभराच्या भुकेसाठी. त्याला जेवण करून बसलास ही तुझी चूक.

रविवार.

पहिला रविवार माटुंग्याला जा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२पासूनचं. मुंबईत उडुपी पद्धतीचं पंगतीतलं जेवण म्हणजे काय ते तिथे कळतं. केळीचं पान, त्यावर भात, आधी रसम की आधी सांबार यावर शेजारच्या म्हाताऱ्या तमिळ गृहस्थांची ठाम मतं, वाढपी मान वर न करता बादलीतून वाढत पुढे सरकतो. तिथे मात्र अनलिमिटेड घेतलंस तरी मी बोलणार नाही, कारण तिथे सगळंच खपतं. साडेअकरापर्यंत पोहोच, एकनंतर जिन्यापर्यंत रांग असते. सकाळी न खाता जा. जेवल्यावर किंग्ज सर्कलपर्यंत चालत जायचं आणि फिल्टर कॉफी घ्यायची. दुसऱ्या एखाद्या रविवारी याच भागात सकाळी साडेसातला राम आश्रयला किंवा कॅफे मद्रासला नाश्ता कर. राम आश्रयच्या फळ्यावर त्या दिवशीचा शिरा काय आहे ते लिहिलेलं असतं, अननस नाहीतर दुसरं काही. तोच घ्यायचा. फळा म्हणजे खरेदीच्या वहीचं उघडं पान. कार्ड छापून येतं, फळा रोज पुसून लिहावा लागतो.

मासे खात असशील तर दुसरा रविवार मालवणी नाहीतर गोमंतकी खानावळीत. इथे लोक हमखास फसतात. कार्डावर सुरमई आणि पापलेट वर लिहिलेले, भाव पाचशेच्या घरात. पण थाळीतली आमटी, भात, सोलकढी, सुकं, हे सगळं कुठल्याही थाळीत तेच असतं, फक्त तळलेला तुकडा बदलतो. बांगडा थाळी घे. निम्म्याच्या आसपास भाव, आणि बांगडा रोज येतो, रोज संपतो. सुरमईचा तुकडा बर्फात किती दिवस होता हे तुला कापल्यावर कळत नाही. बांगडा अख्खा येतो, डोळा आणि कल्ला दिसतो. मांदेली तळलेली असतील तर एक प्लेट वर सांग, काट्यासकट कुरकुरीत लागतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते. तेव्हा ताज्याच्या नावाखाली बर्फातलं किंवा बाहेरगावचं येतं आणि भावही चढतात. त्या दोन महिन्यांत त्याच खानावळीत सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी मागायची. कोकणातला माणूस पावसाळ्यात तेच खातो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

दादरचा रविवार गर्दीचा, तरी प्रकाश शाकाहारी उपाहार केंद्रातला साबुदाणा वडा आणि पियूष एकदा हवंच. १९४६पासून चालू आहे आणि तिथली माणसं टेबल वाटून घेतात, चार अनोळखी एका टेबलावर. वडा तळणीतून थेट येतो. महाराष्ट्रीय उपाहारगृहांत कार्ड लहान असतं, म्हणून तिथे फसगत कमी. थालीपीठ, मिसळ, कोथिंबीर वडी यांतलं काहीही घे.

इराणी हॉटेलं उरली थोडी. धोबी तलावला कयानी आहे, १९०४चं, करी रोडहून लोकलनं मशीद किंवा सीएसएमटीला उतरून चालत. जुनी इराणी हॉटेलं नाक्यावरच का, तर म्हणे हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून घेत नसत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळाली. खरं-खोटं इराणी जाणे. तिथे ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, चहा, खिमा-पाव आणि जाताना मावा केक. ब्रून चहात बुडवून खायचा, तसाच चावलास तर दात सांभाळ. आणि मांसाहाराला ना नसेल, दोन मित्र बरोबर असतील, तर भेंडी बाजारात बारा हंडी खा. रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया, लांब पाव, तिघांत दोन प्लेटा भरपूर होतात. रमजानात मोहम्मद अली रोडला सगळं जग जातं. माझं मत विचारशील तर रमजान सोडून जा, जेवण तेच असतं आणि बसायला जागा मिळते.

बिलाबद्दल थोडं, कारण तो माझा धंदा. साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७पासून जीएसटी ५ टक्के आहे, एसी असो वा नसो. मात्र दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली बरीच लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या सोयीत, असतात. त्यांच्या बिलावर "कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन" असं काहीसं छापलेलं असतं आणि त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर ते वाक्य आणि खाली पाच टक्के दोन्ही दिसलं तर गल्ल्यावर शांतपणे दाखव. न बोलता पैसे परत देतात, अनुभव आहे. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हेच. तो सक्तीनं लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ऑफिसच्या पार्टीत एका महागड्या ठिकाणी माझ्या पुतण्याच्या बिलात तो दहा टक्के लावला होता, काढा म्हटल्यावर मॅनेजर वीस मिनिटं गायब. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोठ्यानं उच्चारल्यावर हजर झाला. वेटरला मात्र रोजच्या हॉटेलात पाच-दहा रुपये हातात दे. तो तुला फोडणीनंतरचं सांबार वाढणार नाही.

घरपोच मागवणं तुझ्या बजेटात बसत नाही. ॲपचं कमिशन हॉटेलवाला भाव वाढवून वसूल करतो, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी. मी एकाच हॉटेलची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून हिशेब लिहितो, त्यामुळे हे ऐकीव नाही. पाऊस पडत असेल त्या रात्री चिवडा आणि केळी खाऊन झोप.

पोट बिघडलंय म्हणालास. आधी दोन आठवडे बाहेरची हिरवी चटणी, पाणीपुरी आणि बर्फ बंद. बर्फावरून आठवलं, महाराष्ट्रात २०१८पासून असा नियम आहे की न खाण्याचा, म्हणजे मासे-बिसे ठेवायचा औद्योगिक बर्फ निळसर रंगाचा असावा. उसाच्या रसात निळी झाक दिसली तर ग्लास तसाच ठेवून चालू लाग. बसल्या बसल्या वेटर "बिसलेरी की साधं?" विचारेल, साधंच सांग पण स्टीलच्या जगमधलं, टेबलावर आधीच भरून ठेवलेल्या ग्लासातलं नको. तळणीच्या तेलाला कडांनी दाट फेस येत असेल तर तिथला वडा नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र हॉटेलवाल्याला सोडून डॉक्टरकडे जा.

महिनाअखेरीला हात अगदीच आखडला तर शिवभोजन केंद्र बघ. ही योजना २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दुपारच्या वेळात. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून लवकर जायचं. तिथे रांगेत उभं राहायला लाजू नकोस, मी १९९५नंतरच्या युती सरकारच्या काळात एक रुपयाच्या झुणका-भाकरीच्या रांगेत उभा राहिलोय आणि पुढच्या माणसाच्या हातात माझ्यापेक्षा भारी घड्याळ होतं.

एक राहिलं. डबा ठरवलास की पहिल्यांदा महिन्याचे पैसे देऊ नकोस, पंधरवड्याचेच दे. पंधरा दिवसांत भाज्यांचा एक पूर्ण फेरा होतो, मावशींच्या हाताचं तिखट तुझ्या पोटाला झेपतं की नाही ते कळतं, आणि परभणीच्या माणसाला ओल्या खोबऱ्याची आमटी रोज चालणार आहे का, तेही.